जोडलेलं आहे, इंटरनेट नाही

आत-बाशी, ३ नोव्हेंबर

एलदियारच्या बाबांस,

कागदावर पत्र आलेलं बघून घाबरू नका. सगळे सुखरूप आहेत, गायसुद्धा. मेला तो फक्त आपला राउटर. गेल्या आठवड्यात वाऱ्याने वीज सारखी जात-येत होती. शेवटची आली तेव्हा डब्यातून जळका वास आला आणि त्याचे दिवे विझले ते विझलेच. अताकेंनी तो खोलून बघितला आणि माझ्या पहिल्या पुलावाला मुरडलं होतं तसंच नाक मुरडलं. तुमच्या वडिलांचा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला, तेव्हा त्यांनी मेला म्हटलं की मेला.

मग ते स्वतः नारिनला जाऊन नवा घेऊन आले. ऐटबाज आहे, चार शिंगांचा. पण तो आल्यापासून माझ्या फोनवर इंटरनेट नाही. नाव दिसतं, पासवर्ड घेतो, आणि खाली लिहून येतं: जोडलेलं आहे, इंटरनेट नाही. नोवोसिबिर्स्कला नवरा असलेल्या बाईची ओळख करून द्यावी तसं. चेष्टा करते हो, लगेच रुसू नका.

एने म्हणतात, सुनेचा बंद तसा सासूचाही फोन बंद. म्हणजे तुम्ही शुक्रवारी फोन लावत असणार आणि इकडे काहीच वाजत नसणार. म्हणून हे पत्र. मी उचलत नाहीये असं मनातसुद्धा आणू नका. तुमचा तिकडचा नंबर साधा लावून बघितला, तर एक बाई रशियनमध्ये काहीतरी सांगते आणि ठेवून देते. आणि आपल्या गल्लीत मोबाईलचं इंटरनेट डोंगर येऊ देत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

उन्हाळ्याच्या शेवटी तुम्ही बोलताना घाईत असायचात. गोदामात काम वाढलं असेल. मी काही विचारलं नाही, आत्ताही विचारत नाही. फक्त एवढं, की मी सगळं सांगायचं शुक्रवारसाठी राखून ठेवते आणि आता ते साठून राहिलंय. एलदियारला "र" म्हणता येऊ लागला. दिवसभर गुरगुरतो.

शामीर ड्रायव्हर पार्सलं घेऊन तिकडे निघालाय, त्याच्याबरोबर हे देते. सोबत लोकरीचे मोजे आणि कुरुत आहे, दह्याचे गोळे ह्या वेळी चांगले खडखडीत वाळलेत. कुरुत सगळा एकदम खाऊ नका, पोट धरून बसाल.

तुमची जिपार


आत-बाशी, १७ नोव्हेंबर

एलदियारच्या बाबांस,

शामीर परत आला. पार्सल तुमच्या हातात दिलं म्हणाला. मी विचारलं, काही निरोप? तर म्हणाला, "वहिनी, ते फार घाईत होते." आणि गाडीचं चाक तपासायला वाकला. चाक चांगलं होतं.

असो. मी इकडे हात जोडून बसलेली नाही. एनेंनी तो राउटर कुठे ठेवला होता सांगू? आतल्या खोलीत, दारासमोरच्या मानाच्या जागी, पत्र्याच्या पेटीवर गोधड्यांची चळत असते ना, तिच्या अगदी वर. आणि त्यावर माझ्या रुखवतातला भरतकामाचा रुमाल! पाहुणा आला की त्याला तिथे बसवायचं, महागाची वस्तू आली की तीही तिथेच. मी रुमाल उचलला तर डबा आजाऱ्यासारखा तापलेला. म्हटलं, "एने, हा पाहुणा नाही, ह्याला ऊब नको, वारा हवा." त्या म्हणाल्या, "अगं, चार शिंगं आहेत त्याला, दाराशी कसा ठेवू?" हसून हसून माझी मुरकुंडी वळली. त्याही हसल्या. मग मला जवळ ओढून त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला आणि एकदम उठून चुलीकडे गेल्या.

मी तो मधल्या खोलीच्या खिडकीत आणला. मातीच्या भिंती हातभर जाड, त्यातून काय जाणार, वाटलं हेच कारण. बंद करून चालू केला. फोनला ते नाव विसरायला लावलं, पुन्हा ओळख करून दिली. एकाच डबड्यातून दोन नावं दिसतात, एकाच्या शेवटी पाचाचा आकडा आहे. दोन्हींना जोडून बघितलं. फोन त्याच्या मागच्या काचेला टेकवून धरला. तेच. जोडलेलं आहे, इंटरनेट नाही.

मग मला सुचलं, जुन्या राउटरला तुम्ही माझं नाव दिलं होतं. लग्नानंतर महिनाभराने असेल. एने केवढ्या लाजल्या होत्या, की सगळ्या गल्लीला आपल्या सुनेचं नाव दिसतं! मी अताकेंना म्हटलं, नव्याला तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला तर सगळे फोन आपोआप ओळखतील, पुन्हा जोडायचा प्रश्नच नाही. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण ते चहाच्या वाटीत बघत राहिले आणि म्हणाले, "नवा डबा आहे, पोरी. नवं नाव राहू दे."

घरात सगळे माझ्याशी फार गोड वागतात. बाजारही हल्ली अताकेच करतात, मला जाऊ देत नाहीत, बर्फ आहे म्हणतात. मला नवे बूट आणलेत. जेवताना मांसाचा चांगला तुकडा माझ्या ताटात येतो, आणि सून म्हणून मी तो परत त्यांच्याकडे सरकवला की ते डोळे वटारतात. शुक्रवारी दुपारी एने मला आवर्जून चुलतसासूकडे पाठवतात, तिचे गुडघे चोळायला. गुडघे तिचे नेहमीच दुखतात. शुक्रवारीच का जास्त दुखतात, देव जाणे.

एलदियार विचारतो, बाबा कुठे? मी म्हणते, डब्यात अडकलेत. तो त्याच्या शिंगाला तोंड लावून हाका मारतो.

एक ओळ लिहा. शामीर पुन्हा येतोय. त्याच्या हातात नुसता कोरा कागद दिलात तरी चालेल, घडी तुमच्या हातची असली म्हणजे झालं.

तुमची जिपार


आत-बाशी, २८ नोव्हेंबर

एलदियारच्या बाबांस,

आज मी कंपनीला फोन केला. गोठ्यातून, कारण साधा फोन तिथेच नीट लागतो. पलीकडे एक मुलगी होती, बिश्केकची असावी, टकाटक बोलणारी. मला "एजे" म्हणत होती, आवाजावरून थोरली बहीण वाटले असणार. पहिलाच प्रश्न: "कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?"

आता आली का पंचाईत! सासऱ्याचं नाव मी कसं घेणार? म्हटलं, "सासऱ्यांच्या."

"हो एजे, पण नाव?"

"मेंढीच्या पिल्लाला काय म्हणतात, ते. आणि पुढे बेक."

ती फिसकन हसली. "कोझुबेक?"

"तू म्हणालीस, मी नाही."

"माझी सासू इथे असती ना एजे, तर तुमचा फोटो लावला असता भिंतीवर. मी तर नवऱ्यालासुद्धा नावाने हाक मारते."

"मग तो ओ देतो का?"

"कधी कधी."

अशा आम्ही दोघी हसत होतो, गाय माझ्याकडे बघत होती. मी तिला सगळं सांगितलं. रुमाल, भिंती, दोन नावं, सगळं. ती म्हणाली, राउटर आमचाच आहे, मला इथून दिसतो, थांबा. मग कळा दाबल्याचा आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

"एजे, राउटर उत्तम आहे. तुमच्याकडे टीव्ही चालतो, सासऱ्यांचा फोन चालतो, अजून एक फोन आहे तोही चालतो."

"तो माझ्या सासूबाईंचा. तो चालत नाही."

"चालतो एजे. गेल्या शुक्रवारी तर बराच चालला."

तीच पुढे म्हणाली, "एकच फोन अडवून ठेवलाय. तुमचा."

"म्हणजे बिघडलाय?"

"नाही. आतलं पान उघडावं लागतं, फोन निवडावा लागतो, अडवा असं सांगावं लागतं. आपोआप होत नाही."

मी म्हटलं, आमचे अताके आता म्हातारे झालेत, बोट चुकलं असेल. ती म्हणाली, "हो एजे. असेल." मघाशी केवढी हसत होती. आता तिचा आवाज अगदी लहान झाला. "काढू का मी ते? की घरी विचारता आधी?"

मी म्हटलं, काढ.

आत येऊन हे पत्र लिहायला बसलेय. एने पीठ मळतायत, अताके बाहेर लाकडं फोडतायत. फोन टेबलावर उपडा ठेवलाय. मघापासून थरथरतोय, थांबतच नाही. महिनाभराचं सगळं एकदम येत असेल. आधी हे पत्र पुरं करते, मग बघते. तुमचंच काहीतरी असेल त्यात.

तुमची जिपार


आत-बाशी, ६ डिसेंबर

मेदेर,

हो, नाव घेतलं. आणि आता तूच म्हणणार आहे. ज्याला मी "तुम्ही" म्हणत होते तो माझा नवरा होता, तो कुठे गेला मला माहीत नाही.

फोनवर घरच्या गटात सगळे तुझं अभिनंदन करत होते. ओशची तुझी बहीण, मामा, ते चुलतभाऊ ज्यांना मी कधी पाहिलंही नाही. "दुसरा नातू मुबारक." निळ्या दुपट्यातलं बाळ. त्याला धरलेल्या बाईचा हात तेवढा दिसतो, आणि तिच्या मागे तू. माझे मोजे घालून. मेदेर, दुसरे मोजे नव्हते का रे तुझ्याकडे?

मी ओरडले नाही. फोन घेऊन एनेंसमोर गेले आणि धरला. त्यांचे हात पिठात होते. त्या मटकन खाली बसल्या.

"कोणी दाखवलं?"

"तुम्ही नाही दाखवलंत, एवढं मात्र खरं."

"पोरी, मी रोज म्हणायची, आज सांगू. मग तू काहीतरी बोलून हसवायचीस. हसणाऱ्या माणसाला कसं सांगायचं गं?"

"तो दर शुक्रवारी बोलत होता?"

मान हलवली त्यांनी. म्हणजे मी तिकडे गुडघे चोळत होते तेव्हा.

"माझी पत्रं?"

"मिळाली." मग म्हणाल्या, "तो म्हणाला, तिला सांगा, लिहू नको. वाचलं की त्रास होतो." आणि ह्या वाक्यावर तुझी आई जी रडायला लागली मेदेर, तसं मी कुणाला मयतीतही रडताना ऐकलेलं नाही. पिठाच्या हातांनी माझे पाय धरले. सासूने सुनेचे! मी त्यांना उठवू की स्वतः पडू, मला कळेना.

बाहेर कुऱ्हाड थांबली होती. अताके दारात उभे होते. मी त्यांना विचारलं, सरळ डोळ्यांत बघून, जसं सून बघत नाही. "तुम्ही अडवलात माझा फोन?"

"मी."

"का?"

ते उंबऱ्यावरच बसले. "आपल्यात कुणी मेलं तर त्याच्या माणसाला एकदम सांगत नाहीत. चार म्हातारे जमतात, इकडचं तिकडचं बोलतात, आडून आडून, हळूहळू ऐकवतात. माझ्या भावाचं मला तसंच ऐकवलं. एक्स्चेंजला असताना रात्री-अपरात्री अशा बातम्या यायच्या, तेव्हा मीच जायचो म्हाताऱ्यांना गोळा करायला. त्याची रीत आहे. जिवंत माणूस असा गेला तर कसं ऐकवायचं, ते कुणी शिकवलं नाही मला." मग म्हणाले, "तोवर तुला भलत्याच कुणाकडून कळू नये, एवढंच बघत होतो. आणि खोटं कशाला बोलू, तू जाशील ही भीती होती. दोन्ही होतं."

मला राग आलाय, मेदेर. ह्या दोघांवर आला, फार आला. त्यांनी मला महिनाभर वेड्यात काढलं. मी फोन काचेला टेकवून उभी राहायचे आणि हे दोघं बघायचे. पण तो राग टिकत नाही. एनेंचा चेहरा बघितला की विरतो. तुझ्यावरचा टिकतो.

मी माहेरी कळवलंय. बाबा जुमगालहून येतायत. आणि आता मला एकाच गोष्टीची धास्ती आहे, तुला ती सांगायचीही लाज वाटते, पण सांगते. सून गेली तरी मुलगा बापाच्या घरी राहतो, हे तुझे चुलते मला आठवण करून द्यायला कालच येऊन गेले. तुझा काका म्हणाला, "तू मोकळी आहेस, पोर आमच्या रक्ताचं आहे." अताके काही बोलले नाहीत. एक शब्द नाही. मला झोप नाही, मेदेर. तू नाहीस हे मी कसंतरी गिळीन. एलदियार नसला तर मी जगणार नाही. तू बाप म्हणून एक फोन केलास आणि म्हणालास की पोराला तिच्याबरोबर जाऊ द्या, तर सगळे गप्प बसतील. एवढंच मागते. माझा फोन आता चालतो.

जिपार


जुमगाल, २० डिसेंबर

मेदेर,

तुझा फोन आला नाही. ठीक आहे. तुझ्यावाचून झालं, ते कसं झालं ते तुला कळायला हवं.

बाबा आले त्या दिवशी तुझ्या काकाने सगळ्या भाऊबंदांना गोळा केलं. अताकेंनी मेंढी कापली, जशी मी नवरी म्हणून आले तेव्हा कापली होती. सगळे जेवले. मी दाराशी बसून चहा ओतत होते, एक वाटी सांडली. काकाने हात पुसले आणि सुरुवात केली. "मुलगी सन्मानाने परत जाईल. पोरगा राहील. ह्यात बोलण्यासारखं काही नाही." माझे बाबा खाली बघत होते. त्यांच्याकडे बोलायला काय होतं? मुलीचा बाप, परक्याच्या चटईवर बसलेला.

अताके उठले. मला वाटलं, आता हे म्हणतील की हो. एलदियार माझ्या पाठीशी झोपला होता. त्याला त्यांनी उचललं, स्वतःच्या कोटात गुंडाळलं, आणि सगळ्यांच्या मधून चालत बाहेर गेले. आम्ही खिडकीतून बघत होतो. बाबांच्या गाडीचं दार उघडून त्यांनी त्याला आत ठेवलं आणि दाराला पाठ लावून बर्फात उभे राहिले, कोटाशिवाय. काका बाहेर धावला. "कोझुबेक, अरे वंश जातोय!" अताके म्हणाले, "वंश नोवोसिबिर्स्कला गेला. हे पोरीचं पोर आहे."

काका मागे फिरला.

एनेंनी माझं रुखवत सगळं परत बांधून दिलं. मी म्हटलं, अर्धं राहू द्या. ऐकलं नाही. एलदियारच्या तोंडात लोण्याचं बोट घातलं, माझ्या डोक्याला स्वतःची शाल बांधली आणि म्हणाल्या, "मला हाक मारशील ना? एने म्हणूनच मारशील ना?" मी म्हटलं, दुसरं काय म्हणू? गाडी निघाली तेव्हा दोघंही फाटकात होते. मी मागे वळून बघितलं. बघू नये म्हणतात. बघितलं.

मला तुझ्याकडून आता काही नको. कागद पाठवायचे असतील ते पाठव, सही करीन. एलदियारला मी तुझ्याबद्दल वाईट सांगणार नाही, चांगलंही सांगता येणार नाही, तो मोठा होऊन काय विचारेल ते तेव्हा बघू. तो अजून दिवसभर अताकेंना हाका मारतो. तुला नाही.

ते दोघं आता एकटे आहेत, मेदेर. सगळं घर रिकामं आहे. अताके तुझ्याशी बोलणार नाहीत, त्यांनी तसं सांगितलंय, आणि ते शब्द फिरवत नाहीत. आत्तापर्यंत शुक्रवारी तुझा फोन तेच धरत होते, आता एनेंनाच उचलावा लागेल. त्यांना बटण सापडायला वेळ लागतो, तेव्हा लगेच ठेवून देऊ नकोस, वाजू दे. आणि चेहरा दिसणारा फोन असला तरी त्या कानालाच लावतात. कितीदा सांगितलं, पण ऐकू येणार नाही अशी भीती वाटते त्यांना. फोन सरळ धरायला आता तिथे कुणी नाही. तुला तुझ्या आईचा चेहरा दिसणार नाही, नुसता कान दिसेल आणि पांढऱ्या रुमालाची कड. हसू नकोस. त्या कानाशीच बोल.

जिपार